रेखाचा मोठ्यांचा वर्ग

रेखा,

तू गेलीस त्याला अजून महिना झालेला नाही. मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर काहीतरी लिहून दे म्हणून सगळे माझ्या मागे लागलेत. जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण कोण आहे, असं सगळं त्यात यावं अशी सूचनाही आली. ते तुझ्या उदयने शोकसभेत सांगून झालंय, आणि ते ऐकताना तू जांभई दिली असतीस हे मला माहीत आहे. मला तुझ्याशी बोलायचंय. आपला वाद अर्धा राहिलाय, आणि अर्धा वाद घेऊन मला घरात वावरता येत नाही.

आपली ओळखही वादानेच झाली होती. आठवतं? मराठी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये, ऑगस्टात. अमेरिकेच्या वाळवंटातल्या या चँडलरच्या ऑगस्टात गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला की चटका बसतो. मी माझ्या ईशाला मागच्या सीटवरून उतरवत होते आणि उन्हाच्या नावाने बोटं मोडत होते. शेजारच्या गाडीतून तू उतरलीस, ओढणी डोक्यावर घेतलीस आणि ओळखपाळख नसताना म्हणालीस, "पुण्याच्या का तुम्ही?"

"हो. कशावरून?"

"उन्हाची तक्रार करून राहिल्या म्हणून. या एकदा मे महिन्यात नागपूरला. मग हे हिल स्टेशन वाटेल."

मी म्हटलं, इथलं तापमान जास्त आहे, हवं तर फोनवर बघा. तू म्हणालीस, आकडा जास्त असेल, ऊन आमचंच जास्त. त्या दिवसापासून मी आकडे काढत गेले आणि तू ते उडवून लावत गेलीस. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते मात्र मला आठवत नाही. बहुधा पहिल्याच दिवाळीच्या फराळात, चकल्या कोणाच्या जास्त मोडल्या यावरून.

आपली मराठी शाळा म्हणजे दर रविवारी सकाळी भाड्याने घेतलेल्या इंग्रजी शाळेच्या काही खोल्या. चार-पाच वर्षांच्या पोरांपासून अकरा-बारापर्यंतची मुलं. शेवटच्या वर्गातून पास झालं की स्टेजवर बोलवायचं, प्रमाणपत्र द्यायचं, पेढा भरवायचा, आईबापांनी फोटो काढायचे. आणि त्यानंतर ते मूल पुन्हा शाळेत दिसायचं नाही. पुढे वर्गच नव्हता. आम्ही सगळे ते धरूनच चाललो होतो. तेराव्या वर्षी मुलांचं सॉकर सुरू होतं, डिबेट सुरू होतं, मराठी संपतं. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तुलाही वाटत नव्हतं, आजींना त्या दिवशी दुखेपर्यंत.

तुझी आई नागपूरहून हिवाळ्यासाठी आली होती. तू तुझ्या हायस्कूलमध्ये शिकवत होतीस, उदय कामावर होता, घरी फक्त आजी आणि नुकताच पेढा खाऊन मराठी शाळेतून बाहेर पडलेला तुझा निहार. आजी सोफ्यावर बसल्या आणि छाती धरून म्हणाल्या, "कळ येतेय रे." निहारने तुला फोन लावला आणि इंग्रजीत सांगितलं, आजी सारखी म्हणतेय की तिला काहीतरी कळतंय, पण काय कळतंय ते सांगत नाही.

तू कॉरिडॉरमध्ये उभी होतीस. ते वाक्य उलटं फिरवून मूळ शब्दापर्यंत पोचायला तुला एक क्षणच लागला, पण तो क्षण तू कधी विसरली नाहीस. नंतर तू त्याला काय करायचं ते सांगितलंस, त्याने तसं केलं, अँब्युलन्स आली. पित्ताशयातला खडा निघाला. आजी ऑपरेशन होऊन धडधाकट नागपूरला परतल्या आणि तिथे सगळ्यांना सांगत सुटल्या की माझ्या नातवाने मला वाचवलं. पण तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलीस आणि चहा तसाच ठेवून म्हणालीस, "शर्मिला, आपल्या शाळेत तो सगळी फळं शिकला. फुलं शिकला, रंग शिकला, हत्तीला काय म्हणायचं ते शिकला. दुखण्याचा एक शब्द नाही शिकला."

मी म्हटलं, लहान मुलांना दुखणं कशाला शिकवायचं?

"तेच म्हणून राहिले नं. लहान मुलांना नाहीच शिकवायचं. मोठ्यांना शिकवायचं. पण मोठे आहेत कुठे?"

त्याच आठवड्यात तू समितीपुढे मोठ्यांच्या वर्गाचा प्रस्ताव आणलास. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी दोन वर्ग, म्हणजे आणखी दोन खोल्या आणि त्यांचं वर्षभराचं भाडं. मी खजिनदार. शिवाय माझी नोकरीच ती, चिप बनवणाऱ्या कारखान्यात कुठल्या महिन्यात किती माल लागेल, त्यासाठी किती मशीनं हवीत, हे आधीच ठरवायचं. मी म्हटलं, आधी पालकांना विचारू या. मी प्रश्न काढले, सगळ्यांना पाठवले. उत्तरं आली. मोठ्या मुलांच्या वर्गाला मोजक्याच घरांनी हो म्हटलं, आणि त्यातले निम्मे 'वेळ जमला तर' म्हणाले. त्याच वेळी बालवर्गाची प्रतीक्षायादी दाराबाहेर गेली होती. आयांचे फोनवर फोन येत होते, आमच्या चिंगीला घ्या हो, फी आत्ता भरतो.

ती मीटिंग श्रीकांतकाकांच्या घरी झाली होती. काका शाळेचे अध्यक्ष, निवृत्त झालेले, सगळ्यांचं ऐकून घेणारे आणि त्यामुळे कोणाच्याच कामाचे नसणारे, असं तू त्यांच्या तोंडावर म्हणायचीस आणि ते हसायचे. मी माझे आकडे मांडले. तू म्हणालीस, "जे दुकान अजून उघडलंच नाही, त्याच्या दारातली गर्दी कशी मोजली तू?"

"विचारलं म्हणून कळलं. लोकांना नकोय रेखा."

"लोकांना माहीतच नाही काय असतं ते. त्यांनी मोठ्यांचा वर्ग पाहिलाय कधी? इथे फ्रीवे बांधला तेव्हा आजूबाजूला काय होतं? कापूस. आधी रस्ता झाला, मग घरं आली. तुझ्या कंपनीतसुद्धा आधी बिल्डिंग उभी करतात नं? ऑर्डर यायच्या आधी?"

हे तू बरोबर पकडलं होतंस. आमच्याकडे खरंच आधी रिकामी इमारत उभी करून ठेवतात, कारण मागणी आल्यावर बांधायला घेतलं तर उशीर होतो. पण मी म्हटलं, कंपनीकडे तो रिकामेपणा सोसायची ताकद असते. आपली शाळा म्हणजे घरोघरचे डबे आणून केलेल्या पोटलकचे उरलेले पैसे आणि दोन-चार देणगीदार. खोल्या दोनच मिळतायत. त्यात दारात उभी असलेली लहान मुलं घ्यायची, की येतील न येतील अशी मोठी?

"म्हणजे अजून जास्त मुलं खाली भरायची आणि वरून सोडून द्यायची."

"म्हणजे जी आलीयेत त्यांना नाही म्हणायचं नाही."

मत घेतलं. दोन्ही खोल्या बालवर्गाला गेल्या. मी बालवर्गाच्या बाजूने हात वर केला, आणि रेखा, आजही तेच केलं असतं. त्या वर्षी आत आलेली पोरं आता छान वाचायला लागलीत. हे मी तुझ्यासमोर शेवटपर्यंत म्हणत राहिले, तू गेलीस म्हणून आता फिरवणार नाही. तुला ते आवडलंही नसतं.

मला वाटलं तू रागावशील. दुसऱ्याच आठवड्यात तुझा मेसेज आला, 'रविवारी दुपारी माझ्या गराजमध्ये मोठ्यांचा वर्ग. ईशाला पाठव.' मी ईशाला विचारलं तर तिने खांदे उडवले. ती नाही जाणार हे मी धरून चालले होते. पण निहारने तिला सांगितलं की आईने गराजमध्ये नागपूरसारखा वाळ्याचा कूलर लावलाय आणि त्याला ओल्या मातीसारखा वास येतो. ती कूलर बघायला गेली, आणि नंतर जातच राहिली.

तू काय शिकवायचीस ते मला बरेच दिवस समजलं नव्हतं. पुस्तक नव्हतं, गृहपाठ नव्हता. ईशा घरी आली की विचारायची, "आई, 'टोमणा' आणि 'खवचट' यात फरक काय?" एकदा विचारलं, "कोणी मेलं की काय बोलायचं असतं?" मी दचकले. म्हटलं, हे काय शिकवते ही? ती म्हणाली, "रेखामावशी म्हणते, हॅपी बर्थडे तर कोणीही बोलेल." तू त्यांना घासाघीस शिकवलीस, नाही म्हणायला शिकवलंस, माफी मागायला शिकवलंस. डॉक्टरकडे दुखणं कसं सांगायचं हे तर पहिल्याच दिवशी शिकवलंस. आणि तुझा एकच नियम होता, भांडायचं असेल तर मराठीतच. पोरं भांडायलाच यायची.

त्या नियमाचं फळ आधी मलाच चाखावं लागलं. ईशाला पोहण्याच्या टीममधून नाव काढायचं होतं. एरवी असं काही झालं की ती इंग्रजीत दोन वाक्यं फेकून खोलीचं दार लावून घ्यायची, आणि मी मराठीत बंद दाराशी बोलत बसायचे. त्या संध्याकाळी ती दार लावायला गेलीच नाही. ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तू माझं ऐकत नाहीयेस. तू फक्त उत्तर शोधतेयस." माझ्या हातात डाळीचा डाव तसाच राहिला. मी म्हटलं, इतकी वर्षं पोहलीस, आता सोडतेस? ती म्हणाली, "इतकी वर्षं केलं हे पुढे करायचं कारण होत नाही. मला ते पटत नाही." किती तरी वेळ आम्ही भांडलो. डाळ करपली. शेवटी टीम सुटलीच. पण माझी मुलगी पहिल्यांदा मोठ्या माणसासारखी माझ्या भाषेत माझ्याशी भांडली होती, आणि ती काय म्हणतेय ते मला आतपर्यंत लागलं होतं. मला तिचा राग आला होता, तुझा राग आला होता, आणि बाथरूममध्ये जाऊन मी तोंडावर पाणी मारलं ते रागाने नव्हतं.

हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मग? दोन खोल्या?" आणि मला माझं मत बदलायचं नव्हतं. आणखी एक सांगायचं राहिलं. रविवारी ईशाला घ्यायला मी नेहमी लवकर यायचे. तुझ्या ड्राइव्ह-वेवर गाडी लावून, एसी बंद करून, काच खाली करून बसायचे. गराजच्या अर्ध्या उघड्या दारातून आवाज यायचे. पोरांची ती अडखळती, मधेच इंग्रजीत घसरणारी आणि पुन्हा ओढून आणलेली मराठी, आणि त्यावर तुझं "हो नं, पण का? का ते सांग." घामाने ब्लाउज भिजायचा. मी तुला भासवायचे की आत्ताच आले.

मग एका शनिवारी तू आलीस आणि म्हणालीस, "हे गराजमध्ये नाही टिकायचं. मला हे शाळेच्या जिल्ह्यात, इथल्या सरकारी शाळा चालवतात तिथे, न्यायचंय." तुझं म्हणणं असं की मुलांना हायस्कूलमध्ये परदेशी भाषेचं क्रेडिट, म्हणजे पास व्हायला मोजले जाणारे गुण, लागतं. सगळी स्पॅनिश घेतात, कारण तीच मिळते. आपल्या मोठ्यांच्या वर्गाला तेच क्रेडिट मिळालं, तर आईबाप रविवार सॉकरला देणार नाहीत. दिवसभर तू त्याच जिल्ह्याच्या हायस्कूलमध्ये मेक्सिकोहून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवायचीस. गाडीत एकदा म्हणाली होतीस, "मी रोज दुसऱ्यांची पोरं इंग्रजीत नेऊन सोडते. त्यांच्या आज्या मला डबा पाठवतात आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही. एक दिवस तरी उलट्या बाजूने काम करू दे."

जिल्ह्याच्या ऑफिसात आपण दोघी गेलो होतो. तिथल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, शिक्षक कोण, वर्षभरात काय शिकवणार आणि मुलं किती, या तीन गोष्टी घेऊन या. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "शिक्षक मी. बाकी दोन तू."

"मी? माझा तर विरोध आहे तुझ्या वर्गाला."

"म्हणूनच नं. तू केलेला प्लॅन कोणी पाडू शकणार नाही. तू आधीच सगळीकडून पाडून पाहिलेला असशील."

आणि मी केला. का केला ते मला आजही नीट सांगता येत नाही. तुझ्या डायनिंग टेबलवर आपण महिनोन्महिने बसलो. तू बोलायचीस, मी तुला थांबवून विचारायचे, हे किती आठवड्यांत होईल? मुलांना हे आलं हे कशावरून कळणार? तू चिडायचीस, उठून कणीक मळायला लागायचीस, मळता मळता उत्तर सापडायचं. माझ्या आयुष्यात मी कारखान्यासाठी पुष्कळ योजना केल्या. एकाही योजनेला पोळीचा वास नव्हता.

त्याच दिवसांत तुझी पाठ दुखायला लागली. तू म्हणालीस, खुर्चीमुळे. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. तू म्हणालीस, सुट्टी लागली की दाखवते. दाखवलंस तेव्हा डॉक्टरांनी स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं नाव घेतलं, आणि मी घरी येऊन त्यावर सगळं वाचून काढलं आणि तुला काहीच सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस. पहिल्यांदाच तू मला आकडे विचारले नाहीस आणि मीही ते पुढे केले नाहीत.

जिल्ह्याच्या बोर्डापुढे विषय आला तेव्हा तुला गाडीत बसवत नव्हतं. तू पलंगावरून लॅपटॉपवर बघत होतीस. मी प्लॅन मांडला. नंतर ईशा उठली. तिने काय बोलायचं ते मला दाखवलं नव्हतं. ती माइकपाशी गेली आणि म्हणाली, माझं इंग्रजी सतरा वर्षांचं आहे. माझं मराठी सहा वर्षांचं राहिलं असतं. मला माझ्या घरात सहा वर्षांचं राहायचं नव्हतं. एवढं बोलून ती खाली बसली. बोर्डाने क्रेडिट मंजूर केलं. खोली नाही, पैसा नाही, फक्त क्रेडिट. मी बाहेर येऊन तुला फोन केला तर तुझा आवाज बारीक झाला होता, पण हसत होतीस. "म्हणजे आमंत्रण त्यांचं, जेवण आपलंच."

"हो, पण आमंत्रण तर आलं."

"ईशाला दे फोन." मी दिला. तू तिला काय म्हणालीस ते तिने मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारणार नाही.

मग आपला शेवटचा वाद. तुमच्या फॅमिली रूममध्ये तुझा पलंग लावला होता, खिडकीशी. मी समितीपुढे नेण्याचा प्रस्ताव तुला वाचून दाखवला. पहिल्या वर्षी एक खोली, ती भरली तर पुढच्या वर्षी दुसरी. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात म्हणालीस, "दोन."

"रेखा, एक."

"तेरा वर्षांचं पोर आणि सतरा वर्षांचं पोर एका खोलीत? लहानगी तोंड नाही उघडणार. मी बघून राहिले नं गराजमध्ये."

"पण दुसरी खोली रिकामी राहिली तर पुढच्या वर्षी समिती पहिलीसुद्धा देणार नाही. रिकामी खोली सगळ्यांना दिसते."

तू डोळे उघडलेस. "न उघडलेली खोली कोणालाच दिसत नाही. तुझं तेच चुकतं दरवेळी."

मी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. माझ्याकडे चांगलं उत्तर होतं. तेवढ्यात नर्स औषध घेऊन आली, तुला कुशीवर वळवावं लागलं, त्यात तुला फार त्रास झाला. नंतर तू म्हणालीस, "उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तू ओळखून हसलीस, पण बोलण्याइतकी ताकद नव्हती. त्यानंतर ती आलीच नाही. माझं ते चांगलं उत्तर काय होतं, ते मी बरेच दिवस आठवतेय. आता ते मला तितकंसं चांगलं वाटत नाही.

तू पहाटे गेलीस. उदयचा फोन आला तशी मी तुमच्याकडे पोचले. तो तुझ्या पलंगाशेजारी बसला होता, त्याला उठवत नव्हतं. निहार टेम्पीहून कॉलेजच्या खोलीवरून आदल्याच दिवशी आला होता. नागपूरला तेव्हा संध्याकाळ होत होती. आजींना कळवायचं होतं. मी निहारला म्हटलं, "मी सांगते बाळा आजींना. तू राहू दे."

तो म्हणाला, "नको मावशी. मी सांगतो. तिला माझ्याकडून कळायला पाहिजे."

तो मागच्या अंगणात गेला. जाळीचं दार होतं, मला सगळं ऐकू येत होतं. मी स्वयंपाकघरात उभी होते, काही तरी करायचं म्हणून चहाचं पाणी ठेवत होते. तो म्हणाला, "आजी, तू उभी आहेस का? आधी बस. बसलीस? शेजारच्या काकू आहेत का घरी? त्यांना हाक मार, मी थांबतो." तो थांबला. मग म्हणाला, "आजी, आई गेली. आत्ता, पहाटे. बाबा आणि मी दोघं जवळ होतो. शेवटी तिला त्रास झाला नाही, मी तुला खरं सांगतोय." त्याने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. तिकडून काय आवाज येत होता ते मला ऐकू आलं नाही, त्याला येत होता. मग तो हळूच म्हणाला, "रड आजी. मी आहे. मी फोन ठेवत नाही."

रेखा, मी गॅस बंद केला आणि तिथेच खाली फरशीवर बसले. तुझ्या पोराने एक शब्द चुकवला नाही. एका वाक्यात इंग्रजी आलं नाही. त्याने आधी म्हातारीला बसवलं, सोबत बघितली, मग सांगितलं. हे सगळं तू शिकवलंस असं मी म्हणणार नाही, चांगुलपणा त्याचा स्वतःचा आहे. पण त्याला त्या पहाटे शब्द शोधावे लागले नाहीत. ते त्याच्याजवळ होते.

तुझ्या सभेनंतर समितीची मीटिंग झाली. श्रीकांतकाकांनी मला विचारलं, प्रस्तावात काही बदल आहे का? सगळ्यांना वाटत होतं, मी दोन खोल्या म्हणेन. तुझ्या नावाने सगळ्यांनी डोळे पुसत हो म्हटलं असतं. मी एकच म्हटलं. तू गेलीस म्हणून लोकांनी दुसरी खोली द्यावी आणि वर्षाने ती रिकामी बघून हळहळावं, हे मला नको होतं. तुझा वर्ग मला दयेवर चालवायचा नव्हता. एक खोली मंजूर झाली, वर्षभरासाठी, आणि कोणी विरोध केला नाही. मग काका म्हणाले, "आणि शिक्षक?"

तो रकाना आपण सगळ्यात आधी भरला होता. तुझं नाव. इतक्या महिन्यांत आपण मुलांचे आकडे तीनदा तपासले, तासिका तपासल्या, त्या नावाकडे पुन्हा बघितलं नाही. मी म्हटलं, दुसरं कोणी मिळेपर्यंत मी. काका म्हणाले, तुला शिकवायचा अनुभव आहे का? मी म्हटलं, नाही. पण भांडायचा आहे.

परवा पहिला रविवार झाला. आठवडाभर रोज कामावरून आल्यावर मी तयारी करत होते. ईशा म्हणाली, एवढं लिहून नेऊ नकोस, रेखामावशी काहीच लिहून न्यायची नाही. मी म्हटलं, मी रेखामावशी नाही. गराजमधली सगळी मुलं आली होती, शिवाय क्रेडिटसाठी आलेली नवी. नावं नोंदवली होती तेवढीच बाकं मी लावून घेतली होती, आणि ती सगळी भरली. लहान मुलं पुढे बसली, मोठी मागे. तू म्हणाली होतीस तसंच झालं. तेरा वर्षांची दोघं तिघं अर्धा तास खाली मान घालून बसली. मी पाहिलं. त्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

मी फळ्यावर काहीतरी लिहीत होते तेव्हा दार वाजलं. दारात एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी, चौदा-पंधरा वर्षांची, हात जॅकेटच्या खिशात घालून उभी, यायचं नसताना आणलेल्या मुलांसारखी. ते म्हणाले, "सॉरी हं, मधेच आलो. आम्ही नुकतेच दुसऱ्या राज्यातून, अल्फारेटाहून इकडे मूव्ह झालो. नाव नोंदवलं नाहीये. तिकडे हिच्या वयासाठी वर्ग नव्हता, इथे आहे असं ऐकलं. जागा आहे का?"

खोली भरली होती. प्लॅनमध्ये जागा नव्हती. मला हे पाठ होतं, मीच तो केला होता. पहिल्या वर्षी नोंदवलेल्यांनाच घ्यायचं, उरलेल्यांची नावं लिहून ठेवायची, ही अटही माझीच.

मी मुलीला विचारलं, "नाव काय तुझं?"

ती वडिलांकडे बघून इंग्रजीत काहीतरी पुटपुटली. मागच्या बाकावरून ईशा म्हणाली, "इथे मराठीत सांगायचं. चुकलं तरी चालतं."

मुलीने खिशातून हात काढले. "सई," ती म्हणाली. "माझा नाव सई आहे."

"माझं नाव," पुढच्या बाकावरून एक तेरा वर्षांचा मुलगा म्हणाला. इतक्या वेळात तो पहिल्यांदा बोलला होता.

"तेच तर म्हणतेय," सई म्हणाली. सगळे हसले, तीसुद्धा.

मी तिच्या वडिलांना म्हटलं, "आहे जागा." माझ्या टेबलामागची खुर्ची उचलली, पहिल्या रांगेच्या कडेला त्या मुलाशेजारी ठेवली आणि तिला म्हटलं, ये बस. वडील गेले. मी दार लावलं आणि पुन्हा शिकवायला लागले. रेखा, उरलेला सगळा तास मी उभ्यानेच घेतला.